घर न सोडणारा देवमासा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, चौबे कॉलोनी, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



या व्याख्यानमालेसाठी मी 'देवमासा' हा विषय सुचविला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मोठ्या अदबीने विचारले, "सर, रायपुरात समुद्र कोठे आहे?" प्रश्न रास्त होता. येथून सर्वांत जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा किंवा पुरीचा, आणि तोही गाडीने एका रात्रीच्या अंतरावर. परंतु मी त्याला सांगितले, की समुद्र तुझ्या पायाखाली आहे. छत्तीसगडच्या या सपाट प्रदेशात जो चुनखडक पसरला आहे, ज्याच्या जिवावर येथील सिमेंटचे कारखाने चालतात, तो शंभर कोटी वर्षांहून जुना असा एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. तो समुद्र केव्हाच ओसरला. त्या काळी देवमासा तर सोडाच, साधा मासाही पृथ्वीवर नव्हता. म्हणून मी आज बोलणार आहे तो दुसऱ्या एका समुद्राविषयी. आपल्यापैकी काहींची कुलदैवते ज्याच्या काठावर आहेत, त्या अरबी समुद्राविषयी, आणि त्यात राहणाऱ्या एका लहानशा समाजाविषयी.

हा समाज आहे कुबड असलेल्या देवमाशांचा. इंग्रजीत त्याला हम्पबॅक व्हेल म्हणतात. पाण्यात बुडी मारताना तो पाठीची कमान करतो, आणि पाठीवरचा लहानसा पर एका उंचवट्यावर बसविल्यासारखा दिसतो. त्यावरून हे नाव पडले. जगातील बहुतेक महासागरांत तो आढळतो, आणि त्याची ख्याती प्रवासी म्हणून आहे. उन्हाळा ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात खाण्यात घालवावा, हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून उष्ण कटिबंधात यावे, तेथे विणीचा काळ जवळजवळ उपाशी राहून काढावा, आणि पुन्हा परतावे, असा त्याचा नेम आहे. काही समूहांची ही वाट एका बाजूने आठ हजार किलोमीटरपर्यंत जाते. या नेमाला संपूर्ण जगात एकच अपवाद ठळकपणे माहीत आहे, आणि तो अपवाद अरबी समुद्रात आहे. तेथील कुबडे देवमासे ध्रुवाकडे जात नाहीत. ते तेथेच खातात, तेथेच वितात आणि तेथेच मरतात.

असे का, हे सांगण्यापूर्वी हा प्राणी कोणत्या कुळातला, ते पाहू. आपण त्याला 'मासा' म्हणतो खरे, परंतु तो मासा नव्हे. त्याचे रक्त उष्ण आहे, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण त्याचा कणा हा धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा आहे. लिनियसने १७५८ साली त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसविले. आज शास्त्र आणखी पुढे गेले आहे. देवमासे हे खूर असलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर यांच्या विस्तृत गणातले असून त्यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, असे आता मानले जाते.

या निष्कर्षाला हात देणारा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशात सापडला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जम्मूच्या राजौरी भागात कालाकोट येथे ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी खडक गोळा केले, आणि त्यांतील एका लहान प्राण्याचे 'इंडोह्यूस' असे नामकरण १९७१ साली केले. गोळा केलेले पुष्कळसे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकांच्या हवाली केले. पुढे प्रयोगशाळेत एका कवटीवर काम करताना तिचा कानाचा भाग चुकून तुटला, आणि आत हाडाची एक जाड भिंत दिसली. कानाच्या हाडाची तशी रचना ही देवमाशांच्या कुळाची खूण समजली जाते. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, पिसोरी हरणासारखा दिसणारा, पाण्यात शिरून लपणारा हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा निकटचा भाऊबंद ठरला. कच्छमधूनही १९७० च्या दशकापासून अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन देवमाशांचे अवशेष उजेडात आणले. देवमाशाचे माहेर समुद्र नसून आपल्या उपखंडाचा चिखलाळ किनारा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

देवमाशांचे दोन मोठे विभाग आहेत. दात असलेले, त्यांत डॉल्फिनही आले, आणि दातांऐवजी तोंडात गाळणी असलेले. कुबडा देवमासा दुसऱ्या विभागातला. त्याच्या वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस तीनशे-साडेतीनशे शृंगमय पट्ट्या लोंबत असतात. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या या पट्ट्या, आणि आतल्या कडेने कुंच्यासारख्या झडलेल्या. हनुवटीपासून बेंबीपर्यंत कातडीला लांब घड्या असतात. तोंड उघडून तो माशांच्या थव्यात शिरला, की या घड्या उलगडतात, गळ्याची मोट होते, आणि मग जिभेने पाणी बाहेर रेटताच मासे आत अडकून राहतात. काही ठिकाणी हे देवमासे थव्याखालून गोल फिरत बुडबुडे सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा तयार होतो, मासे घाबरून मध्ये गोळा होतात, आणि मग खालून तोंडे उघडून सगळे एकदम वर येतात. कोळ्यांनी रापण लावावी तसाच हा प्रकार. फक्त येथे जाळे हवेचे असते.

पूर्ण वाढ झालेला प्राणी १३ ते १६ मीटर लांब, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या मोठ्या बसपेक्षाही लांब, आणि वजनाने २५ ते ३० टन भरतो. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते. परंतु त्याची खरी खूण म्हणजे त्याचे पुढचे दोन पर. शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे ते पर पाहूनच त्याला 'मेगाप्टेरा', म्हणजे मोठ्या पंखांचा, असे शास्त्रीय नाव मिळाले. जातीचे नाव 'नोव्हाएंग्लिए', म्हणजे न्यू इंग्लंडचा, कारण युरोपीय शास्त्रज्ञांना तो प्रथम त्या बाजूचा म्हणून माहीत झाला. डोक्यावर आणि जबड्यावर गाठी असतात, आणि प्रत्येक गाठीत एक केस. अंगावरचा केसाळ वारसा त्याने एवढाच सांभाळला आहे! मादीला सुमारे साडेअकरा महिन्यांनी एक पिलू होते, चार मीटरहून लांब. दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक. हा हिशेब ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता अरबी समुद्राकडे वळू. नकाशा डोळ्यांसमोर आणा. अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर उत्तरेस ध्रुवाकडे उघडे आहेत. हिंदी महासागराच्या उत्तरेस मात्र आशिया खंड आडवे पडले आहे. उत्तरेची वाट बंद. मग थंड पाणी आणि मुबलक अन्न आणावयाचे कोठून? ते काम आपला नैर्ऋत्य मोसमी वारा करतो. जून ते सप्टेंबर या काळात तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर असा जोराने वाहतो, वरचे उष्ण पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, आणि त्याच्या जागी खोल समुद्रातील थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर कोळंबीसारखे इवले जीव, त्यांवर तारलीचे थवे, आणि त्यांवर देवमासा. ज्या वाऱ्याच्या भरवशावर छत्तीसगडचा शेतकरी धानाची रोवणी करतो, तोच वारा येथून दोन-अडीच हजार किलोमीटरवर या प्राण्याचे ताट वाढतो. दारातच असे अन्न येत असेल, तर ध्रुवापर्यंत वणवण कोण करील?

यांचे सर्वांत जवळचे आप्त दक्षिण हिंदी महासागरातले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले, की अरबी समुद्रातला हा गट त्यांच्यापासून सुमारे ७० हजार वर्षे वेगळा पडला आहे. मधे विषुववृत्त आहे, आणि ऋतूंचा उलटा हिशेब आहे. दक्षिणेतले देवमासे जेव्हा विणीला उत्तरेकडे येतात तेव्हा अरबी समुद्रातल्यांचा हंगाम संपलेला असतो. एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडांनी वेगवेगळी पंचांगे वापरावीत, त्यांतला हा प्रकार. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जेर्व्हे यांनी बसऱ्याच्या आखातातील एका नमुन्यावरून १८८३ सालीच याला 'मेगाप्टेरा इंडिका' असे स्वतंत्र नाव देऊ केले होते. त्या काळी असल्या नावांचे पीक आले होते आणि पुढे सगळी कुबडी जनावरे एकाच जातीत जमा झाली. परंतु जनुकांचा पुरावा हाती आल्यावर त्या जुन्या गृहस्थांचे नाव पुन्हा चर्चेत आले, यात मला तरी न्याय दिसतो.

यांच्या स्थायिकपणाचा पहिला भक्कम पुरावा मात्र एका दुष्कृत्यातून मिळाला. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या बाजूच्या समुद्रात २४२ कुबडे देवमासे मारले. त्यांपैकी २३८ एकट्या नोव्हेंबर १९६६ मधले. कुबड्या देवमाशाच्या शिकारीवर जगभर बंदी घातली गेली ती त्याच साली. मारलेल्यांचे खरे आकडे जगापासून दडवून ठेवण्यात आले. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर, १९९३ साली, अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी या चोरट्या शिकारीला वाचा फोडली, आणि युरी मिखालेव्ह यांनी १९९७ साली अरबी समुद्रातील शिकारीचा तपशील प्रसिद्ध केला. मारलेल्या प्राण्यांच्या पोटांत ताजे अन्न होते, म्हणजे उष्ण कटिबंधात ते उपाशी राहत नव्हते. गर्भांच्या लांबीवरून वीण उत्तर गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे होत असल्याचे ठरले. दोन्ही गोष्टी शास्त्रदृष्ट्या मोलाच्या. किंमत मात्र २४२ जीव.

त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवतो. प्रत्येक कुबड्या देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूस काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते, आणि ती आपल्या बोटांच्या ठशांसारखी एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. ओमानच्या किनाऱ्यालगत २००० ते २००४ या काळात घेतलेल्या अशा छायाचित्रांवरून अभ्यासकांनी तेथील संख्येचा अंदाज बांधला, आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला: ८२. कमीत कमी ६०, जास्तीत जास्त १११. ही मोजणी ओमानपुरती होती हे खरे. तरीही एका महिन्यात जेवढे मारले गेले, त्याच्या निम्मेही मोजणीत उरलेले नव्हते. दोन-तीन वर्षांनी एक पिलू, हा मघाचा हिशेब आता आठवा. जगात इतरत्र शिकार थांबल्यावर या जातीने उभारी धरली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात प्रौढ प्राण्यांची संख्या सुमारे ८४ हजार धरण्यात आली आणि जातीला धोक्याच्या यादीतून बाहेर ठेवण्यात आले. अरबी समुद्रातला गट मात्र २००८ पासून 'संकटग्रस्त' या वर्गात आहे. भरल्या गोकुळातल्या एका घरी दिवा मंदावावा, तशी ही स्थिती आहे.

हे प्राणी ओमानचे, मग आपला संबंध काय? याचे उत्तर एका मादीने दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानमधील संशोधकांनी तिच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे एक छोटे यंत्र बसविले. तिचे नाव 'लुबान'. अरबीत लुबान म्हणजे धूप, आपल्याकडचा 'लोबान' हा शब्द त्याच घरचा. डिसेंबरात तिने अरबी समुद्र आडवा ओलांडला, गोव्याच्या बाजूस आली, तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने केरळ, पुढे देशाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. घर सोडत नाहीत असे मी म्हटले, परंतु घर केवढे मोठे, ते या फेरीवरून समजले. ओमान ही ओसरी असेल, तर गोवा-केरळ हे परसदार आहे.

आणि त्याच २०१७ साली, मार्च महिन्यात, गोव्याजवळच्या समुद्रात पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहक यंत्रांनी या देवमाशांचे गाणे टिपले. येथे मला थोडे अधिक रेंगाळण्याची परवानगी असावी. हे मंडळ नाटक-संगीतावर वाढलेले, तेव्हा गाण्याचा विषय आपणांस जड जाणार नाही.

कुबड्या देवमाशांत गातो तो नर. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली दाखवून दिले, की हे आवाज विस्कळीत नसून त्यांना बांधणी आहे. सुटे नाद मिळून एक तुकडा होतो, तो तुकडा पुनःपुन्हा घोळवला जातो, मग दुसरा, मग तिसरा, असा ठरलेल्या क्रमाने सगळा पाठ होतो. एक आवर्तन बहुधा दहा-वीस मिनिटांचे. ते संपले, की पुन्हा आरंभापासून, आणि हे तासन्‌तास. स्थायी-अंतऱ्याची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. त्याच्या घशात माणसासारखे कंठतंतू नाहीत. स्वरयंत्रातील इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक घडी चरबीच्या गादीवर कंप पावते आणि नाद निघतो, हे २०२४ मध्ये उलगडले. गाणे मादीसाठी की इतर नरांना जरबेत ठेवण्यासाठी, यावर विद्वानांची जुगलबंदी अजून चालू आहे.

विशेष असा, की एका समूहातले सगळे नर एका काळी एकच गाणे गातात, आणि ते गाणे सर्वांनी मिळून हळूहळू बदलत जाते. कधी बदल झपाट्यानेही होतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९६ साली दोन नर पश्चिम किनाऱ्याचे गाणे गाताना ऐकू आले, आणि १९९८ च्या अखेरीस पूर्वेकडच्या सगळ्यांनी आपले जुने गाणे टाकून ते नवे उचलले होते. ओमानच्या समुद्रातील गाणे मात्र दक्षिणेकडील आप्तांच्या गाण्यापेक्षा वेगळे तर आहेच, शिवाय वर्षावर्षाला ते फारसे बदलत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. बाहेरचा गवई क्वचितच येतो, म्हणून जुनी चीज टिकून राहते, असा माझा आपला तर्क. आपल्या येथील जुन्या घरांत आजीच्या तोंडी जे मराठी शब्द अजून ऐकू येतात, ते पुण्यामुंबईत गेल्यावर कोणाला कळत नाहीत, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

गाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक योगायोग सांगतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. त्या तबकडीवर माणसांच्या अनेक भाषांतील अभिवादनांबरोबर, मराठीतील अभिवादनही त्यांत आहे, कुबड्या देवमाशाचा आवाज ठेवलेला आहे, आणि त्याच तबकडीवर भारतीय संगीत म्हणून सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. याने सुटल्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर १९७७ मध्ये, त्यांचे निधन झाले. तबकडीवरचा देवमासा बर्म्युडाच्या बाजूचा. केसरबाईंच्या गावापासून फार लांब नसलेल्या समुद्रात त्याचे भाऊबंद गातात, हे ती तबकडी घडविणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता संकटांविषयी, थोडक्यात. शिकार संपली, परंतु जाळी आहेत. पाण्यात पडद्यासारखी उभी सोडलेली जाळी या प्राण्याच्या लांब परांत आणि शेपटीत अडकतात. ओमानमध्ये छायाचित्रित झालेल्या अनेक प्राण्यांच्या अंगावर जाळ्यांचे व्रण आढळले आहेत. शिवाय अरबी समुद्र हा तेलवाहू आणि मालवाहू जहाजांचा हमरस्ता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशाचा समावेश जातींच्या पुनरुज्जीवनाच्या खास कार्यक्रमात केला. मला अधिक आवडलेली योजना महाराष्ट्राची. तेथील वनविभागाच्या कांदळवन कक्षाने डिसेंबर २०१८ पासून असे ठरविले, की जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी जीव सोडविण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची. जाळे ही कोळ्याची पुंजी असते. ती कापताना त्याचा हात अडखळला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस, जमिनीवर बसून, नाही. कायद्याच्या धाकापेक्षा ही भरपाई अधिक देवमासे वाचवील, असे माझे मत आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात, मालवण-तारकर्लीस जातात, होडीतून फिरतात. सिंधुदुर्गाच्या समुद्रात अलीकडच्या काळात निळे देवमासे आणि ब्राइडचे देवमासेही दिसले आहेत, तेव्हा ओळख पटविण्याच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. निळ्या देवमाशाचा श्वासाचा फवारा उंच, खांबासारखा, नऊ मीटरपर्यंत जातो. कुबड्याचा बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. पाठीची कमान, पाठोपाठ पाण्याबाहेर उचललेली शेपटी, आणि पंखांसारखे लांब पर दिसले, तर तो कुबडाच समजावा. नावाड्याला होडी दूर ठेवण्यास सांगावे, इंजिन मंद करावे, दिवस-वेळ-ठिकाण टिपून घ्यावे आणि वनखात्यास कळवावे. छायाचित्र घेणार असाल, तर शेपटी वर उचलल्याच्या क्षणी, मागच्या बाजूने, तिची खालची बाजू दिसेल असे घ्यावे. नुसत्या पाठीचे छायाचित्र कितीही सुरेख आले, तरी कोणता प्राणी ते त्यावरून क्वचितच सांगता येते.